सिंकात बसलेली झडप

फ्रीजमधली बर्फाच्या पाण्याची वाटी घासूनपुसून मांडणीत पालथी घातलेली दिसली आणि सूनबाईंनी ती उचलून सासऱ्यांपुढे धरली.

"बाबा, या वाटीत काय होतं?"

"पाणी. दिलं सिंकात ओतून," सासरे म्हणाले. "झाकण न घालता ठेवतं का कुणी?"

त्या पाण्यात हृदयाची झडप होती! छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बारीक नळीने आत सोडायची, सूनबाईंनी स्वतः आखलेली. तिची तार भारी नखरेल. गारठ्यात मऊ पडून घडी होणार, ऊब लागली की फुलून जागा धरून बसणार. ऑफिसचा फ्रीज बिघडला म्हणून ती एका रात्रीची पाहुणी आली होती. आज मोठे डॉक्टर निकाल देणार होते. "धक्का बसला की ही सरकणार," हे त्यांचं पालुपद. आज पटलं नाही तर सगळं काम बासनात.

"जाळी काढून ओतलं तरी तुंबलं गं," सासरे सांगत होते. "मग कढत पाणी ओतलं. लगेच मोकळं!"

सूनबाईंनी प्लंबरला फोन लावला. झडप पाइपात फुलली होती.

प्लंबर आला, चिमटा घालून ओढून ओढून घामाघूम झाला. "ताई, बसवली कुणी ही? जाम हलत नाही."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. घाबरलेल्या माणसाला खोटंही सुचत नाही.

"सर, झडप सिंकात आहे."

"कशात?"

डॉक्टर तणतणत घरीच आले. बाह्या सरसावून त्यांनी चिमटा हिसकावला, पाय भिंतीला लावून असा हिसका दिला की स्वतःच प्लंबरच्या मांडीवर जाऊन बसले. झडप जागच्या जागी.

"सरकत नाही," डॉक्टर पुटपुटले.

"वरच्या काकूंनी भांड्यांचा टब सोडला!" सासरे ओरडले. "पळा!"

काकूंचं खरकटं पाणी यांच्या सिंकातून उसळून येई, ही या घराची जुनी रड. त्यापायी सासऱ्यांनी काकूंशी बोलणं टाकलं होतं. पाइप गुरगुरला. सगळ्यांनी डोळे मिटले. वर थेंबही आला नाही. झडप नशिबाने सुलटी बसली होती. खाली जाऊ देत होती, वर येऊ देत नव्हती.

"मंजूर!" डॉक्टर म्हणाले.

सूनबाईंना हसू आवरेना. त्या बर्फाचा ट्रे घेऊन धावल्या. "बर्फ घातला की मऊ पडेल, काढून घेऊ."

सासरे सिंकापुढे हात पसरून उभे राहिले. "खबरदार! पेशंट बरा झालाय. आता त्याला हात लावायचा नाही."

सूनबाईंनी मदतीच्या आशेने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खाकरले, त्यांना दाराशी घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"राहू दे ती. नवीन करायला घ्या. आणि करताय तर दोन करा... आमच्याही वर एक काकू राहतात."