माणिकशेठ आणि डावा कार्बोरेटर

माणिकशेठ सकाळी देवळातून आले की दुकानाच्या कुलपाला हात लावायच्या आधी दोन्ही कानांत रबरी नळ्या घालून मोटरसायकलपाशी बसत. डोळे मिटलेले, कपाळावर केशराचा टिळा, आणि पुढ्यात धडधडणारं इंजिन. मी बदली होऊन वाशीमजवळच्या शिरपूरला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि वाटलं, हाही पूजेचाच काही प्रकार असावा.

मी शाळेत मास्तर. त्यांच्या कापडदुकानामागची खोली भाड्याने घेतली होती, त्यामुळे माझी सकाळ त्या इंजिनानेच उजाडायची. गाडी जुनी, विलायती, लष्कराच्या लिलावातून आलेली. इतरांच्या गाड्या एका सिलिंडरच्या; ही दोन सिलिंडरची, आणि प्रत्येकाला पेट्रोल-हवा पुरवणारा कार्बोरेटर वेगळा. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी गुमान चालते. एकाने कमी-जास्त ओढली की हँडलपासून दातांपर्यंत सगळं थरथरतं.

"मास्तर, डावा दबून राह्यला," हे शेठचं आवडतं वाक्य. एकदा एका नवरीच्या बापासमोर शालू उलगडता उलगडता ते मध्येच थांबले आणि "एक मिनिट, डाव्याचं ध्यानात आलं" म्हणत पेचकस घेऊन बाहेर पळाले. तो बिचारा शालूचा पदर धरून बसून राहिला.

नळ्यांची युक्ती त्यांचीच. एक नळी डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, तिचं दुसरं टोक डाव्या कानात, उजवीचं उजव्यात. "दोघायचं एकाच टायमाले ऐकलं पाह्यजे. एकाचं आधी अन् दुसऱ्याचं मंग, हा काय न्याय झाला?" हवेचा सूं-सूं आवाज डावीकडे कमी वाटला की ते डावा स्क्रू जरा आवळत. गाडी आणखीच थरथरे. वाशीमचा मिस्त्री दोन्ही सायलेन्सरपुढे तळहात धरून ती सारखी करून द्यायचा. पण सकाळी नळ्या कानात गेल्या की डावा पुन्हा दबलेला.

"मिस्त्री चांगला हाये," शेठ म्हणायचे, "पण त्याले कान नाही."

शेवटी एकदा मी म्हणालो, "शेठ, एवढा ताप कशाला? विकून टाका आणि सरळ एसटीने जा."

त्यांनी आधी गादीवर पेंगणाऱ्या वडिलांकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "मास्तर, आमच्या घरात सून सासऱ्यादेखत नवऱ्यासंग बोलत नाही. अन् घर कधी रिकामं नसते. ही माह्यासंग बोलते ते फक्त गाडीवर. किन्हीराजा गावाले तिची बहीण देली हाये, जाता-येता बोलते. आता गाडी इतकी आवाज करते का मले काहीच समजत नाही. मी आपला हो-हो करतो. परवा म्हणे, अवो, मी काय इचारलं अन् तुमी हो काय म्हणता? तवापासून बोलतच नाही. गाडी सारखी झाली, आवाज कमी झाला, का पुन्हा बोलन."

मी त्यांची थट्टा करायच्या बेतात होतो. ते राहून गेलं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांना किन्हीराजाला जायचं होतं. मी मदतीला बसलो आणि दोन्ही नळ्या त्यांच्या हातात दिल्या. शेठनी त्या कानांत घातल्या, डोळे मिटले. "डावा दबून राह्यला."

मी नळ्यांकडे पाहिलं. "शेठ, नळ्या मी उलट्या दिल्या. डाव्या कानात तुम्ही उजवा ऐकताय."

"उजवा?" त्यांनी डोळे उघडले. नळ्या बदलल्या, ऐकलं. पुन्हा बदलल्या. जो कार्बोरेटर डाव्या कानात जाई, तो दबलेला निघे.

त्यांनी इंजिन बंद केलं. मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं, मग डाव्या. तिथे बराच वेळ धरून ठेवलं.

"मास्तर, हे चालू हाये ना?"

"चालू आहे."

"मंजे गाडीची काही चूक नोती." ते सीटवर हात फिरवत राहिले. मग गाडी पुन्हा चालू केली आणि दोन्ही सायलेन्सरपुढे मिस्त्रीसारखे तळहात धरून डावा स्क्रू सैल केला. थरथर थांबली.

तेवढ्यात वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला. आमच्याकडे बायका मागे बसतात त्या दोन्ही पाय डावीकडे सोडून, म्हणजे बोलणं नवऱ्याच्या डाव्या कानाशी. शेठ वळून त्यांना हळूच काहीतरी म्हणाले. वहिनींनी एकदा आत सासऱ्यांकडे पाहिलं, क्षणभर घुटमळल्या, आणि गाडीला वळसा घालून दोन्ही पाय उजवीकडे सोडून बसल्या.

"अरे, सूनबाई उलटी काहून बसली?" म्हातारा गादीवरून ओरडला. समोरच्या हॉटेलातले लोक हसायला लागले. शेठनी कुणाकडे पाहिलं नाही, गाडी हाकली. देवळाच्या वळणापाशी तो पदर त्यांच्या उजव्या खांद्याकडे झुकला, आणि माणिकशेठ इतक्या मोठ्याने हसले की मला दुकानाच्या पायरीवर ऐकू आलं.