येसोजीरावांची पहिली नापास

येसोजीरावांना काहीही सांगायला जा, ते तर्जनी वर करत आणि म्हणत, "मुख्य वाक्य आधी!"

एकदा पावसात भिजलेले सहामाहीचे पेपर त्यांनी अंगणात वाळत घातले होते आणि स्वतः आत जाऊन बसले होते. फाटकातून गाय शिरली. मी धावत त्यांच्या दाराशी गेलो. "मेष्ट्रू, तुम्ही आत बसलात, फाटक उघडं राहिलं, त्यामुळे..."

तर्जनी वर. "मुख्य वाक्य आधी! कोण? काय करतंय?"

"गाय! पेपर खातेय!"

"आता कसं!" असं म्हणून ते शांतपणे चपला शोधू लागले. तोवर ब तुकडीतल्या नऊ मुलांची अक्कल गाईच्या पोटात गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नऊ जणांची परीक्षा पुन्हा घेतली आणि व्याकरणात फोडायला वाक्य दिलं ते गाईवरच.

आम्ही बंगळुरात बसवनगुडीच्या बाजूला एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या, भिंतीला भिंत लागून. शाळाही एकच, मी गणिताला, ते इंग्रजीला. दोघांचीही घराणी कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे आलेली, त्यामुळे आमच्या मराठीत अर्धं कन्नड. कन्नडात मास्तरांना मेष्ट्रू म्हणतात. वठारातली शेंबडी पोरंसुद्धा येसोजीरावांना अदबीनं मेष्ट्रू म्हणत. मास्तर मीही होतो, पण मला 'ते गणिताचे' एवढंच म्हणत. असो.

सरळ शिकवतील तर शपथ! वरच्या वर्गाला इंग्रजीतली लांबलचक वाक्यं फोडायला शिकवायची असतात. बाकीचे मास्तर फळ्यावर तक्ता काढतात. हे मुलांनाच वाक्यात उभं करत. मुख्य वाक्य झालेला मुलगा बाकावर एकटा उभा राही. गौण वाक्यांनी त्याचा हात धरायचा, कारण गौण वाक्याला एकट्यानं उभं राहता येत नाही. गौणाचंही गौण निघालं तर त्यानं पुढच्याचा सदरा पकडायचा. वाक्य मोठं असलं की सहा-सात पोरं एकमेकांना लोंबकळत. दोन बाक मोडले तरी यांना त्याचं काही नाही. भिंतीपलीकडे मी प्रमेय मांडत असे आणि पलीकडून आरोळी येई, "सर, हा हात सोडतोय!" त्यावर मेष्ट्रूंचा आवाज, "सोडू दे! बघू या किती वेळ उभा राहतो!" माझा वर्ग खिदळायला लागे. मी हेडमास्तरांकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा ते म्हणाले, "अहो, त्यांचा निकाल बघा."

निकाल! एकोणीस वर्षांत त्यांचा एकही विद्यार्थी एसएसएलसीला, म्हणजे आमच्याकडच्या मॅट्रिकला, इंग्रजीत नापास झाला नव्हता. हे मला नव्यानं कुणी सांगायला नको होतं. न्हावी, बसकंडक्टर, कॉफीची पूड दळून देणारा शेट्टी, सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. माझे काका वारले तेव्हा भेटायला आले. "वाईट झालं," म्हणाले, कॉफी घेतली आणि मग म्हणाले, "त्यांचा धाकटा माझाच विद्यार्थी. इंग्रजीत पास."

आणि शनिवारचं वाक्य! दर शनिवारी वरच्या वर्गातल्या प्रत्येकानं घरातली एक गोष्ट इंग्रजीत एकाच वाक्यात लिहून द्यायची. शब्द चाळीसच्या वर, पूर्णविराम एकच. शुक्रवारी संध्याकाळपासून वठारातली पोरं कपाळाला हात लावून बसत आणि आया मला विचारत, "हे गणितात चालतं का हो?" ती वाक्यं येसोजीराव कुणाला दाखवत नसत. रविवारी सकाळी ओट्यावर बसून एकटेच वाचत, मध्येच हसत, मध्येच चष्मा पुसत. मला वाटे, चुका काढताहेत.

माझी धाकटी बहीण सावी त्यांच्याच वर्गात होती. आईवडील गेल्यावर मीच तिला वाढवलं. ती शेवटच्या वर्षाला असताना होसकोट्याचं स्थळ चालून आलं. मुलगा तालुका कचेरीत, घरचं घर, माणसं चारचौघांसारखी. मुलाच्या आईची अट एकच, मुलगी एसएसएलसी पास हवी. म्हटलं, घोडं गंगेत न्हालं! गणित माझ्याकडे, इंग्रजी मेष्ट्रूंकडे, मग नापास होणार कशी?

निकाल लागला. गणितात पंच्याऐंशी. इंग्रजीत अकरा.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भर अंगणात, नळावर बायका पाण्याला उभ्या असताना, मी त्यांना नाही नाही ते बोललो. "पोरांना माकडांसारखं लोंबकळवता, हेच तुमचं शिक्षण! ठरत आलेलं लग्न मोडलंत माझ्या बहिणीचं!" मला वाटलं, आता तर्जनी वर होणार. झाली नाही.

"तप्पु माझा," ते म्हणाले. "चूक माझीच. शिकवण्यात स्वल्प कमी पडलो." नळाखालची घागर भरून वाहत होती, पण ती उचलायचं कुणाला सुचेना.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पुढच्या आठवड्यात होसकोट्याची मंडळी आली. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा असते, तेवढं थांबा, म्हणून मी गयावया केली. मुलाची आई विरघळायच्या बेतात होती. तेवढ्यात येसोजीराव न बोलावता आत आले आणि हात जोडून उभे राहिले. "मी हिचा इंग्रजीचा मास्तर. ऑक्टोबरचंही काही खरं नाही. मलाच शिकवता आलेलं नाही."

मंडळी कॉफी तशीच ठेवून उठली. महिन्याभरात त्यांनी मुलाचं लग्न दुसरीकडे उरकलं.

मी येसोजीरावांशी बोलणं टाकलं. शिक्षकांच्या खोलीत लोक त्यांना विचारत, "काय मेष्ट्रू, किती वर्षं म्हणालात?" ते मान खाली घालून वह्या तपासत. मला बरं वाटे. खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात सावी पुन्हा बसली. इंग्रजीत बहात्तर! मी गणिताचा माणूस. अकराचे बहात्तर कुठल्या कोष्टकात बसवायचे ते मला कळेना. मी तिला समोर बसवलं. "खरं काय ते सांग."

"मार्चात मी पेपर मुद्दाम जवळजवळ कोरा ठेवला, अण्णा. पास झाले असते तर तू मला होसकोट्याला दिलं असतंस. मला नव्हतं जायचं."

"मग मला सांगायचं की नाही?"

"तू विचारलंस कधी?"

खरंच, स्थळ बघितलं, घर बघितलं, पत्रिका बघितली, हिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मेष्ट्रूंना मात्र माहीत होतं, तीच म्हणाली. परीक्षेआधीच्या शनिवारी तिनं हे सगळं एका वाक्यात लिहून दिलं होतं. खाली लाल शाईनं 'वाक्य निर्दोष' एवढंच लिहून त्यांनी वही परत केली होती. आणि पुढे सात-आठ महिने ब्र काढला नव्हता.

मी तसाच उठून शेजारी गेलो. "मेष्ट्रू, तुमची एकोणीस वर्षं..." मला माझीच लाज वाटत होती.

"असू दे हो," ते म्हणाले. बराच वेळ चष्म्याची काडी चोळत बसले. "आनेकलला माझी धाकटी बहीण असते. तुळसा. तिलाही जायचं नव्हतं. रडत होती, तर मी तिच्यावर ओरडलो आणि लग्न लावून दिलं. नऊ वर्षं झाली, ती इकडे फिरकली नाही."

"तुम्ही नाही गेलात?"

"काय म्हणून जाऊ? पत्र लिहायला बसतो हो. पहिलं वाक्यच सुचत नाही."

मला गलबलून आलं आणि रागही आला. आनेकल बावीस मैलांवर, आणि हा माणूस नऊ वर्षं घरात बसून वाक्य शोधतोय! "येत्या रविवारी निघायचं," मी म्हटलं. "मी येतो बरोबर."

सावीही आली. बसमध्ये मी तिला पहिल्यांदाच विचारलं, पुढे काय करायचंय? "शिक्षिका," ती म्हणाली. कशाची? "इंग्रजीची." मी कपाळावर हात मारून घेतला. एरवी मेष्ट्रूंनी यावर तासभर व्याख्यान दिलं असतं. आज ते खिडकीबाहेरची नाचणीची शेतं बघत बसले होते.

तुळसाक्कानं दार उघडलं. हात पिठानं भरलेले होते. येसोजीराव तिच्यासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, हे आता पायरीवरूनच परत फिरणार.

"तुळसा," ते शेवटी म्हणाले, "ऊट आयता?"

जेवलीस का? आमच्याकडे रस्त्यात भेटणाऱ्या कुणालाही माणूस हेच विचारतो.

तुळसाक्का चौकट धरून रडायला लागली. सावी पुढे होऊन तिच्याजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं तुळसाक्कानं मनगटानं डोळे पुसले, तेव्हा पीठ गालाला लागलं.

"अजून नाही, अण्णा," ती म्हणाली. "या सगळे. पानं घेते."