परबमामा आणि जुन्या इंजिनाची चिप

आमच्या लालबागच्या चाळीतले दत्ताराम परब, म्हणजे आमचे परबमामा, बोलायला लागले की आवाज येत नसे. ओठ हलत, भुवया वर चढत, हात हवेत फिरत, आणि समोरच्याने सगळं समजून घ्यायचं. वीस वर्षं त्यांनी गिरणीच्या साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून काढली होती. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडत असताना कोण कुणाचं ऐकणार? तिथली माणसं ओठ वाचूनच गप्पा मारत. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, पण मामांनी आवाज काही परत चालू केला नाही. नव्या भाडेकरूंना वाटे, माणूस मुका आहे. मग एखाद्या सकाळी नळावर मामा मालवणीत खणखणीत शिवी देत आणि तो गैरसमज मिटे.

कानही अधू झाले होते, त्यामुळे यंत्राची पारख ते तळहाताने करत. संपानंतर त्यांनी दुसऱ्याची टॅक्सी चालवली आणि इंजिनांचा नाद लागला तो कायमचा. रस्त्यात कुणाचीही गाडी चालू दिसली की बॉनेटवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. मालक ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. एकदा पोलिसांच्या जीपवर हात ठेवून "पंप गेलो" म्हणाले. हवालदाराने हाकलून लावलं. दहा मिनिटांनी तोच हवालदार ती जीप ढकलताना आम्ही पाहिला, आणि मामांनी त्याला मदतसुद्धा केली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जुन्याक पळवू नको." हे ते गाडीबद्दल म्हणत, पंख्याबद्दल म्हणत, आणि जिना चढताना धापा टाकणाऱ्या माझ्या आईबद्दलही म्हणत. आई चिडायची.

त्यांचा मुलगा प्रकाश माझा वर्गमित्र. बारा वर्षांची जुनी डिझेल गाडी घेऊन तो कोकणात भाडी मारायचा. घाटात गाडी रडायची. त्यावर उपाय मीच आणला, हे कबूल करतो. मी विम्याच्या कचेरीत कारकून, छापील कागदावर माझा चटकन विश्वास बसतो. माटुंग्याच्या एका दुकानाचं पत्रक होतं. काडेपेटीएवढी चिप, इंजिनाला जोडली की जुनी गाडी नव्यासारखी पळणार, वर डिझेलही कमी पिणार.

मामांनी चष्मा लावून पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं.

"ह्या करता काय?" चक्क आवाजात विचारलं.

"इंजिनाच्या कॉम्प्युटरला फसवतं, मामा. तो जास्त डिझेल सोडतो, मग जोर वाढतो."

"कॉम्प्युटराक फसवशाल. क्लचाक कोण फसवतलो? तो बारा वर्सांचोच ना?"

मी पत्रकात क्लच शोधू लागलो.

"नव्या गाडयेक लाव. जुन्याचो आधी क्लच बघ, पंप बघ, पाईप बघ. जुन्याक पळवू नको."

प्रकाशने चिप बसवली. पहिले आठ दिवस गाडी अशी पळाली की तो मला वडापाव खाऊ घालत होता. मग मागून काळा धूर दिसू लागला आणि चढणीला क्लचचा जळका वास येऊ लागला. आम्ही दोघांनी तिकडे काणाडोळा केला. चूक मान्य करायला लागू नये म्हणून माणूस काय काय हुंगायचं टाळतो.

गणपती जवळ आले. प्रकाश त्याच गाडीतून बायकोला, दोन मुलींना आणि परबमामींना गावी नेणार होता. मामा कधीच जात नसत, चाळीचा गणपती कोण बघणार म्हणायचे. त्या आठवड्यात मात्र रोज सकाळी ते खाली उतरायचे, बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे आणि निकाल न देता वर यायचे.

निघायच्या सकाळी सामान चढलं, मुली खिडक्यांवरून भांडल्या, प्रकाशने गाडी चालू केली. जोर नाही. त्याने बॉनेट उघडलं तर चिप गायब आणि वायरी नीट होत्या तशा जोडलेल्या. मामा पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते.

"बाबा, डबी कुठाय?"

मामा अचानक ठार बहिरे झाले. मला हसू आलं. प्रकाशला नाही आलं.

"गाडी माझी आहे. माझं पोट आहे तिच्यावर. तुम्ही जन्मभर भीत भीत काढलात, मी पण तसाच काढू?"

हे लागलं. मामांनी बशी खाली ठेवली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"गिरणीत साहेबान सांगितल्यान, चार साच्यांची पुली बदल, फेरे वाढव. साचे जुने होते. माझ्या हाताक कळत होता. तरी मीच बसवलंय. तिसऱ्या दिसा धोटो उडालो आणि तुझ्या म्हादेवमामाचो डोळो गेलो."

धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारा, लोखंडी टोकांचा लाकडी तुकडा. महादेव हे मामींचे सख्खे थोरले भाऊ. एक डोळा गेलेले ते मला आठवत होते. गिरणीत लागलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मग संप झाला, ते परबांच्याच गावी परतले आणि तिथेच वारले. पुलीची गोष्ट तीसेक वर्षं कुणी ऐकली नव्हती. मामा गावाला का जात नाहीत, ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

मामी गाडीतून उतरल्या. नवऱ्याला दिसेल असं तोंड करून त्या हळू म्हणाल्या, "माका म्हायत होता. दादान तेव्हाच सांगितल्यान. माका म्हणालो, बाय, दत्तारामाक इचारू नको, तो आधीच धड जेवणा नाय."

मामा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"आणि तू इतकी वर्सां गप?"

"तुमी कधी बोलतास, वाट बघी होतंय."

प्रकाशने बॉनेट हळूच बंद केलं. चिपेबद्दल त्याने नंतरही कधी विचारलं नाही. वडिलांच्या खांद्याला हात लावून तो म्हणाला, "बाबा, चला ना यंदा गावाक."

"आता जावन सांगू कोणाक?" मामा म्हणाले.

मामींनी गाडीतून आपली पिशवी खाली घेतली, सुनेच्या हातात पूजेचं सामान दिलं, आणि नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.