खडा काढायच्या तीन तऱ्हा

निवड कशी करावी हे माणसानं माझ्याकडून शिकावं. मी वॉशिंग मशिन विकतो. गोंधळलेलं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी त्याच्यापुढे तीन मशिन उघडून दाखवतो, तिन्हींचे गुणदोष सांगतो, आणि ते कपाळावरचा घाम पुसेपर्यंत त्याचं ठरलेलं असतं. त्यामुळे माझ्या उजव्या मूत्रपिंडात खडा निघाला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "तीन मार्ग आहेत," तेव्हा मी खुर्चीत ऐसपैस बसलो. तीन! हे तर माझं रोजचंच काम.

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पहिल्या तऱ्हेत बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडायचा; चिरफाड नाही, पण चुरा लघवीवाटे पडायला वेळ लागतो आणि कधी पुन्हा धक्के द्यावे लागतात. दुसरीत लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण आत घालून लेसरनं फोडायचा. तिसरीत पाठीला छोटं भोक पाडून खडा तिथून बाहेर काढायचा. काम बहुधा एका दमात होतं, पण दवाखान्यातला मुक्काम जास्त.

"तुमचा खडा मधल्या आकाराचा आहे. तिन्ही चालतील. मी दुर्बीण सुचवेन, पण घरी बोलून ठरवा. मात्र रेंगाळू नका. तो सरकून नळीत अडकला तर मूत्रपिंडाला धोका."

"वॉरंटी कशाला जास्त?" मी विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "खडा पुन्हा होणार नाही याची हमी कशालाच नाही. पाणी भरपूर प्या."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "डॉक्टर दुर्बीण म्हणाल्या ना? मग दुर्बीण."

"अगं, त्या विकणाऱ्या. विकणाऱ्यांना मी चांगला ओळखतो. आपण वापरलेल्यांना विचारू."

नशिबानं तिन्ही तऱ्हा वापरलेली माणसं माझ्या ओळखीतच निघाली. सासऱ्यांचा खडा पाठीतून निघाला होता, आमच्या दुकानातल्या कॅशियरचा दुर्बिणीनं आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचा लहरींनी. रविवारी तिघांना चहाला बोलावलं.

सासऱ्यांनी बसायच्या आधीच शर्ट वर केला. "बघा जावईबापू. एवढीशी खूण. आणि खडा केवढा? लिंबाएवढा."

"वाटाण्याएवढा होता, बाबा," आतून बायको म्हणाली.

"भोक पाडायला माणूस म्हणजे काय भिंत आहे?" कॅशियर म्हणाला. "माझ्याकडे बघा. अंगावर ओरखडा नाही."

"दुर्बीण कुठून घातली ते सांगा की," शिंपीकाकांनी टोकलं.

कॅशियरनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि सगळं तपशीलवार सांगितलं. माझा चहा बशीत सांडला.

"मला तर कुणी बोटही लावलं नाही," शिंपीकाका म्हणाले. "नुसत्या पाठीवर टपल्या."

"मग दोनदा का गेलात?" कॅशियरनं विचारलं.

"पहिल्यांदा ट्रायल, दुसऱ्यांदा फिटिंग."

यावर तिघांची अशी जुंपली की माझा खडा बाजूलाच राहिला. त्यात माझी गंमत अशी की, जो शेवटी बोलेल त्याचंच मला पटायचं. सोमवारी सकाळी मी दवाखान्यात फोन करून लहरी सांगितल्या. दुपारी सासऱ्यांचा फोन आला, लगेच मी पाठ सांगितली. संध्याकाळी कॅशियरशी बोललो आणि दुर्बीण सांगितली, तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, "साहेब, तुमचं मी आता पेन्सिलीनं लिहिते."

दुकानातही माझा पार घोळ व्हायला लागला. एका जोडप्याला मशिन दाखवताना मी म्हणालो, "हे वरून भरायचं. चिरफाड अजिबात नाही, फक्त चुरा पडायला वेळ लागतो." जोडपं एकमेकांचा हात धरून निघून गेलं.

शेवटी एका रात्री मी सगळ्यांचे फोन घेणं बंद केलं, शांत डोक्यानं विचार केला आणि लहरी पक्क्या केल्या. फार हलकं वाटलं मला. बायकोला म्हटलंसुद्धा, "निर्णय असा घ्यायचा असतो."

सकाळी दुकानात एका आजोबांना मशिन दाखवत होतो आणि उजव्या कुशीत अशी कळ उठली की मी कमरेत वाकलो. आजोबांना वाटलं, मी खालचा पाइप दाखवतोय. तेही वाकले. "पाणी इथूनच जातं का?" त्यांनी विचारलं. कॅशियर धावत आला आणि मला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरबाईंनी तपासणी केली. "खडा नळीत उतरून अडकलाय. वर लघवी तुंबलीय. आता निवड वगैरे राहिली नाही, आजच दुर्बीण घालू."

"पण मी कालच लहरी नक्की केल्या होत्या," मी कण्हत म्हणालो.

"खड्याला कळवलं होतंत का?"

तेवढ्यात बायको आली. ती पलंगाची कड घट्ट धरून उभी राहिली. तिचा उतरलेला चेहरा बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. एक मूत्रपिंड पणाला लावून मी इतके दिवस लोकांना चहा पाजत बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात धरला आणि मुकाट्यानं आत गेलो.

शुद्धीवर आलो तेव्हा बायको उशाशी बसली होती आणि डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या. "झालं. खडा फुटला, मूत्रपिंड सुखरूप आहे. आत एक बारीक नळी ठेवलीय, ती काही दिवसांनी काढू." मग त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. "डावीकडेही एक आहे, लहानसा. त्याची घाई नाही. त्यालाही दोन-तीन मार्ग आहेत, तेव्हा तुम्ही सावकाश विचार करून..."

बायको उठली आणि माझ्या आणि बाईंच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, मार्ग मला सांगा," ती म्हणाली. "ह्यांना फक्त तारीख सांगा."