कावळ्याला दिलेला शब्द

आमचा आमदार जिवंत माणसाला भेटायला वेळ द्यायचा नाही, पण मेलेल्याचा दहावा कधी चुकवायचा नाही. चाकणच्या आसपास कुठल्याही गावात दहावा असू दे, सकाळी नदीच्या घाटावर त्याची पांढरी गाडी आलीच समजा. एका सकाळी तीन-तीन दहावे केलेले मी पाहिले आहेत. बारशाला बोलावलं तर "बघतो" म्हणायचा. दहाव्याला बोलवावं लागायचं नाही.

रंगनाथ त्याचं नाव. आमच्या मालकांच्या चुलत्याचा मुलगा, म्हणजे माझा दीर. त्याच्या आणि आमच्या घरात एक भिंत. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहो-जाहो करते, कारण तशी रीत आहे. लिहिताना ती पाळायची मला गरज वाटत नाही.

पाच वेळा निवडून आला. पहिल्या निवडणुकीला आमच्याच ओट्यावर बसून भाकरी खायचा आणि सायकलवर प्रचाराला जायचा. दुसरीला जीप आली. तिसरीला गाडीच्या काचा काळ्या झाल्या, आणि तिथून पुढं आत कोण बसलंय हे गावाला दिसेनासं झालं. पाच निवडणुकांत पक्ष तीन केले. त्याच्या बैठकीच्या खोलीत पुढाऱ्यांचे फोटो आहेत. खिळे पहिल्यापासून तेच, फोटो बदलत जातात.

घाटावर बोलायला उभा राहिला की भाषण ठरलेलं. गेलेला माणूस "मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीचा" आणि त्याच्या जाण्यानं "तालुक्याची कधीही न भरून येणारी हानी". इतक्या वर्षांत तालुक्याची एवढी हानी झाली, तरी तालुका उरला कसा, याचं मला नवल वाटतं. एकदा एका घरातला धाकटा भाऊ गेला होता आणि यानं थोरल्याला श्रद्धांजली वाहिली. थोरला समोरच बसलेला. त्यानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर मला म्हणाला, "बरं झालं वहिनी. आपल्या माघारी काय बोलणार ते जित्तेपणीच कळालं."

आणि काम घेऊन गेलं की एकच वाक्य. "विषय डोक्यात हाय." पाणी येत नाही, विषय डोक्यात हाय. शाळेचं छप्पर उडालं, विषय डोक्यात हाय. एवढे विषय डोक्यात घेऊन माणूस ताठ चालतो कसा, असं वाटायचं.

माझा विषय एकच होता. आमच्या गावाच्या आणि कंपन्यांच्या मधून हायवे जातो. गाव अलीकडं, कंपन्या पलीकडं. आमच्या जमिनी गेल्या त्याही पलीकडच्याच. आता तिथं नोकरीला जायचं तर आधी हायवे ओलांडायचा. कंटेनर, ट्रक, कांद्याच्या गाड्या, कंपन्यांच्या बसा, यांची रांग तुटत नाही. मधल्या दुभाजकावर साडी गोळा करून बाया उभ्या राहतात आणि एकमेकींना म्हणतात, "आता पळ." पळताना पडलेल्या किती, ते गावाला माहीत आहे. खालून जायला भुयारी मार्ग करा, एवढंच मागणं.

आमचे मालक तिथंच गेले. पलीकडं एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन होते. सकाळी सुटून घरी येताना ट्रकनं उडवलं. ट्रक थांबला नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईना. माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं, म्हणून घरचे एकेक शब्द देऊ लागले. मुलगा म्हणाला, "दादा, आईला सांभाळीन." कावळा हलेना. पुतण्या म्हणाला, "म्हैस विकणार न्हाई." नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, ऊन चढलं, लोक घड्याळ बघायला लागले. तेव्हा रंगनाथानं माईक हातात घेतला. त्याला पुढं दुसरा दहावा होता, घाई त्यालाही होती.

"दादा," तो म्हणाला, "हायवेखालून भुयारी मार्ग केल्याशिवाय हा रंगनाथ गप बसणार न्हाई. हा माझा तुम्हाला शब्द हाय."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लावली आणि भात घेऊन गेला.

घाटावरचे सगळे गहिवरले. "साहेबांचा शब्द दादांनी ऐकला," म्हणाले. मीही डोळे पुसले, खोटं का बोलू. आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, भुयारी मार्गाचं चित्र आणि त्यावर रंगनाथाचा हात जोडलेला फोटो. पुढं चौथी निवडणूक आली तर हा सभेत सांगायला लागला, "माझ्या शब्दाला कावळ्याची साक्ष हाय." माझ्या नवऱ्याच्या पिंडावर यानं मतं मागितली. माझ्या मस्तकात तिडीक गेली ती तेव्हा, ती अजून उतरलेली नाही.

निवडून आला. नारळ फुटला, कुदळ मारली, नावाचा पत्र्याचा मोठा बोर्ड लागला. मग काहीच नाही. दोन पावसाळ्यांनी बोर्ड आडवा झाला तेव्हा मी तो उचलून आणला आणि गोठ्याला लावला. म्हशीला झड लागत नाही. त्या कामाचा तेवढाच उपयोग झाला.

माझी सून सुनीता पलीकडं एका कंपनीत पहिल्या शिफ्टला जाते. रोज सकाळी ती गेली की तिचा पोचल्याचा फोन येईपर्यंत माझा हात कामाला लागत नाही. म्हणून मी रंगनाथाच्या दारात जात राहिले.

"वहिनी, रस्ता वरच्या खात्याचा हाय. माझ्या हातात न्हाई."

"मग शब्द कुणाच्या हातचा दिलात?"

"विषय डोक्यात हाय, वहिनी."

"तुमच्या डोक्यातला विषय वाटेत कुठं सांडतो बघा. रस्त्यावर तर काय येत न्हाई."

त्याची माणसं हसायची. तोही हसायचा. हसण्यावारी न्यायला तो हुशार.

पाचवीलाही तेच झालं. सहाव्या निवडणुकीला तो दारात आला, मागं पन्नास पोरं, गळ्यात हार.

"वहिनी, घरचं मत हाय, धरून चालू ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "ह्या खेपेला दुसऱ्याला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "व्हय. बरोबर हाय तुमचं," आणि पाया पडून पुढच्या दाराला गेला.

थोडक्यात पडला. नवीन आमदार जमिनीच्या धंद्यातला, तरणा, गाड्या दोन. आता दहाव्याला तो येतो. हानी तीच, माणूस बदलला.

रंगनाथाच्या अंगणातला मांडव दुसऱ्या दिवशी सुटला. प्लास्टिकच्या खुर्च्या टेम्पोत गेल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा, तिथं एक जोड उरला, त्याचाच. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. भिंतीपलीकडून पूर्वी माणसांचा गलका ऐकू यायचा, आता टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येतात आणि मधेच त्याचा आवाज, बातम्या देणारीला उत्तर देताना. मला वाईट वाटलं नाही. ज्यानं त्यानं आपलं पेरलेलं खावं.

महिना-दीड महिना गेला असेल. सुनीता म्हणाली, "आत्या, साहेब सकाळी हायवेला उभं असत्यात."

"कशाला?"

"आमाला पलीकडं सोडायला."

मी म्हटलं, झालं सुरू. पुढच्या निवडणुकीचं नाटक, फोटोवाला आला असेल बरोबर. चार शब्द सुनवायचे म्हणून दुसऱ्या दिवशी सुनीताबरोबर गेले.

फोटोवाला नव्हता. कुणीच नव्हतं. पांढऱ्या शर्टावर जुना स्वेटर घालून तो रस्त्याच्या कडेला उभा होता. बाया जमल्या तसा तो सरळ हायवेवर उतरला आणि कंटेनरपुढं हात आडवा धरला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, डोकं बाहेर काढलं. "ए बुड्ढे, मरना है क्या?"

"हां हां, रुको," रंगनाथ म्हणाला. पाच वेळा आमदार झालेला माणूस, पण शिवी अंगावरून जाऊ दिली. मग बायांकडं वळला. "चला, चला. शोभा, पिशवी सांभाळ. सुनीता, तुझी बस आली, पळू नको, मी हाय. आशाताई कुठाय? आज सुट्टी का?"

इतकी वर्षं त्यानं आम्हाला माता-भगिनी म्हटलं होतं. नावं आता पाठ केली होती.

बाया गेल्या. मी अलीकडंच थांबले होते. तो परत आला, घाम पुसला.

"भावजी, हे आधी सुचलं असतं तर?"

"आधी गाडीत असायचो, वहिनी."

"निवडणूक तर गेली. आता कशाला?"

"दादांना शब्द दिलता," तो म्हणाला. "मार्ग काय माझ्यानं झाला न्हाई."

"झाला न्हाई, आणि असा होत बी न्हाई. उद्या तुम्हालाच ट्रकनं उडवलं तर?"

"मग दहाव्याला बोलायला नवीन साहेब येतील," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसले नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. जे पंचवीस वर्षांत खुर्चीवर बसून करायचं होतं, ते एका म्हाताऱ्याच्या आडव्या हातानं होत नसतं. भुयारी मार्ग अजून नाही, आणि हे मी नवीन आमदाराच्या दारातही जाऊन सांगितलं आहे. त्याचाही विषय डोक्यात आहे.

पण त्या सकाळी बसा निघून गेल्या, पहिली शिफ्ट आत गेली, आणि रंगनाथ तिथंच उभा राहिला. घरी जायला काहीच घाई नसलेला माणूस उभा राहतो तसा. मी परत फिरले तेव्हा मागून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला बी पलीकडं जायाचं असंल ना कधीमधी?"

मला पलीकडं काही काम नव्हतं. मालक गेल्यापासून मी त्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही.

"उद्या किती वाजता येता?" त्यानं विचारलं.

"साडेसहाला," मी म्हणाले.