अध्यक्षांच्या नावावरची चाकाची खुर्ची

आमची संस्था आजारी माणसांना घरी लागणारं सामान वापरायला देते. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, डोक्याकडून वर होणारे पलंग. लोक येतात, सामान नेतात आणि माणूस बरा झाला किंवा गेला की परत आणून देतात. मी संस्थेचा कार्यवाह आहे, आणि गेल्या वर्षापर्यंत आमच्याकडे किती भोंगळ कारभार चालत होता हे सांगायला मला आजही लाज वाटते. फोन वाजायचा, ऑफिस सांभाळणाऱ्या ताई तो उचलायच्या, "या, घेऊन जा" म्हणायच्या आणि लोक घेऊन जायचे. त्यात ना धोरण, ना नियोजन, ना दूरदृष्टी.

आता चुका व्हायच्या, नाही असं नाही. एक वॉकर एका घरात इतका मुरला की तिथल्या बाई त्यावर टॉवेल वाळत घालायला लागल्या. ताई तो मागायला गेल्या, तर टॉवेलांची सोय काय, असं त्यांनाच विचारण्यात आलं. ही गोष्ट आमच्या मोठ्या देणगीदारांच्या कानावर गेली. त्यांनी कळवलं, की यापुढची मदत संस्थेची डिजिटल पातळी पाहूनच ठरेल. आम्ही आमची पातळी शोधली. ती सापडेना, तेव्हा सल्लागार नेमला.

सल्लागार फार हुशार होता. तुम्ही नक्की काय करता, असं त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं. ताई म्हणाल्या, खुर्च्या देतो. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि पडद्यावर एक चित्र दाखवलं. त्यात आम्ही खुर्च्या देत नव्हतो, 'गतिशीलता-सेवांचं एकात्मिक वितरण' करत होतो. कोषाध्यक्षांना भरून आलं. इतकी वर्षं आपण एवढं मोठं काम करतोय आणि आपल्याला पत्ताच नाही, असं ते माझ्या कानात पुटपुटले.

मग पंचवार्षिक डिजिटल आराखडा झाला. आराखड्यावर देखरेख ठेवायला समिती झाली आणि समितीवर लक्ष ठेवायला उपसमिती. ताईंना 'डिजिटल परिवर्तन समन्वयक' करण्यात आलं आणि त्यांच्या टेबलावरचा ऑफिसचा फोन काढून घेण्यात आला, कारण फोनवर आलेली गरज मोजता येत नाही. सामानाच्या खोलीला काचेचं दार बसवलं. आतलं सगळं बाहेरून दिसावं, कारण पारदर्शकता हे आराखड्याचं पहिलं मूल्य होतं. प्रणालीत मंजुरी मिळाली की दार आपोआप उघडणार होतं. किल्ली ही कालबाह्य संकल्पना आहे, असं सल्लागार म्हणाला, म्हणून किल्लीच ठेवली नाही.

प्रणालीची चाचणी खऱ्या रुग्णांवर घेणं अमानुष ठरलं असतं. म्हणून कार्यकारिणीच रुग्ण झाली. सगळ्यात चांगली खुर्ची मानाने अध्यक्षांच्या नावावर गेली, आजार 'दोन्ही पाय निकामी'. कोषाध्यक्षांनी पलंग घेतला, मी कुबड्या घेतल्या, उरलेल्या खुर्च्या सभासदांनी वाटून घेतल्या. एका दुपारी सगळं सामान वाटलं गेलं, अर्थात पडद्यावर. शंभर टक्के वितरण आमच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी कुबड्यांवरचा होतो, तरी उभा राहिलो. सल्लागार हार घालून घेऊन पुढच्या संस्थेचा उद्धार करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. व्यवसायाने शिंपी. त्यांची आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते. पायावर जराही भार आला किंवा हिसका बसला, तर केलेलं सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी काचेतून बोट दाखवलं.

"ती काय, समोरच तर आहे."

"दिसतेय," मी म्हणालो. "पण ती अध्यक्षांकडे आहे."

अध्यक्ष तेव्हा त्यांच्याच शेजारी उभे राहून चहा पीत होते.

खुर्ची परत घ्यायला काहीच अडचण नव्हती. प्रणालीत त्यासाठी दोन पर्याय होते, 'रुग्ण बरा झाला' आणि 'रुग्णाचे निधन'. पहिल्याला डॉक्टरांचा दाखला लागायचा. अध्यक्षांनी आपल्या डॉक्टरांना फोन लावला. तुम्हाला काही झालंच नव्हतं, तर बरं झाल्याचं मी कसं लिहून देऊ, असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर वाट्टेल ते दाखले देणाऱ्या माणसाला नेमकी त्याच दिवशी नीतिमत्ता आठवावी, हे आमचं दुर्दैव.

उरला दुसरा पर्याय. आम्ही तातडीची बैठक बोलावली. शिंपी बाहेर बाकावर बसून होते आणि हॉस्पिटलचे फोन घेत होते. अध्यक्ष आधी जरा कचरले, मग म्हणाले की संस्थेसाठी एवढंही करायचं नाही तर पदावर राहायचं कशाला. कोषाध्यक्षांनी ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं. अंतिम मंजुरीचा अधिकार अध्यक्षांचाच असल्यामुळे बटण त्यांनीच दाबलं. मयताची संमती मयताच्याच हातून मिळण्याचं भाग्य फार थोड्या संस्थांना लाभतं.

दार उघडलं नाही. पडद्यावर आलं, 'मृत रुग्णाची वस्तू आठवडाभर निर्जंतुकीकरणासाठी राखीव.'

"साहेब, काच फोडली तर चालेल?" शिंपी शांतपणे म्हणाले.

तशी तरतूद आराखड्यात होती, हे मी मान्य केलं. पण फक्त आपत्तीच्या काळात, आणि आपत्ती जाहीर करायची अध्यक्षांनी. आमचे अध्यक्ष तर नुकतेच वारले होते.

दरम्यान प्रणालीने आपलं काम चोख केलं होतं. आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी कधी आपला मोबाइल नंबर दिला होता, त्या सगळ्या हितचिंतकांच्या ग्रुपवर अध्यक्षांच्या दुःखद निधनाचा निरोप गेला. तो पाहून ताईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कोणालाही न विचारता त्याच्याखाली लिहिलं, 'एक आजी आज संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी येत आहेत. चाकाची खुर्ची तातडीने हवी आहे. कोणाकडे असल्यास कृपया मला फोन करा.' खाली स्वतःचा नंबर दिला. मी त्यांना संवाद-धोरणाचा भंग केल्याबद्दल समज दिली. पण खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. हजारो माणसं होती त्या ग्रुपवर. एवढ्यांत एक खुर्ची निघणार नाही असं कसं होईल?

उत्तरं लगेच आली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' जोडलेले हात. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' जोडलेले हात. ताईंच्या मजकुराखाली एकाने लिहिलं, 'आजींच्या आत्म्यास शांती लाभो.' मग सगळ्यांनी आजींनाच शांती द्यायला सुरुवात केली. मोबाइल वाजला की शिंपी दर वेळी उठून ताईंच्या मागे येऊन उभे राहायचे, वाचायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. ताईंना फोन एकही आला नाही. ऊन उतरल्यावर शिंपी निघून गेले.

आईला त्यांनी आणि शेजाऱ्याने घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आत नेलं. उंबऱ्यावर खुर्चीचा पाय वाकला. म्हातारी पुन्हा हॉस्पिटलमध्ये आहे. ऑपरेशन पुन्हा करायचं की नाही, आता या वयात झेपेल की नाही, यावर डॉक्टरांचं एकमत होत नाहीये. ताई तिला भेटून आल्या आणि मला ते सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

अध्यक्षांची तब्येत उत्तम आहे. त्यांनी सगळ्या श्रद्धांजल्या दोनदा वाचल्या आणि आपली नोंद इतक्यात दुरुस्त करू नका, असं सुचवलं. देणगीदारही खूश आहेत. इतका लोकसहभाग त्यांनी दुसऱ्या कुठल्या संस्थेत पाहिला नव्हता, आणि आमची डिजिटल पातळी आता 'परिपक्व' ठरली आहे.

ताई हॉस्पिटलमध्ये गेल्या होत्या, तेव्हाही त्यांच्या हातातला मोबाइल वाजतच होता. म्हातारीने पडल्यापडल्या पडद्याकडे बघितलं. "एवढी माणसं कोणाला गं हात जोडतायत?" असं तिने विचारलं. ताईंनी मोबाइल पालथा घातला.

प्रतिसादांचा आढावा घ्यायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी ते सगळे हात बघितले. तुमचेही होते. ताईंचा मजकूर ग्रुपवर आला त्याच सेकंदाला तुम्ही ते जोडलेत. एवढ्या वेळात तो कोणाचा वाचून होत नाही.