विहीणबाईंना 'बसा' म्हणताना

मुक्ताबाईंना सत्तरीच्या उंबरठ्यावर कोरियन शिकायची वेळ आली, ती धाकट्या सुमितमुळे. पुण्याला त्याच्याच कंपनीत काम करणारी जिवॉन त्याला आवडली होती. मुलगी तयार होती, पण तिच्या आईचा होकार अडला होता. "आधी मुलाचं घर बघीन, मग बोलीन," असा त्या बाईंचा निरोप होता. त्या सोलापूरला येणार म्हटल्यावर सुमितनं पाच-सहा कोरियन वाक्यं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवली. "आई, एवढी पाठ कर. बाकीचं फोन बोलंल."

पाठ काही होईनात. सकाळी घोकलेलं 'बसा' आमटीला फोडणी देईपर्यंत उडून जाई. शेवटी शेजारच्या हेमावतीनं तोड काढली.

"मुक्ताबाई, शाळंतली एक तरी कविता आठवती का?"

"न्हाई बा."

"आन मंगळागौरीचे उखाणे?"

"ते सगळे पाठ हायत की."

"का? चावट हायत म्हणून. ह्या वाक्यांचे बी तसलेच करू."

मग दोघी रोज दुपारी दार लोटून बसू लागल्या. 'सावकाश' म्हणजे 'छॉन्छॉन्ही'. त्याचं झालं:

"दाराला कडी, विझली समई,
रावसाहेब, छॉन्छॉन्ही, एवढी कसली घाई."

'बसा'साठी मुक्ताबाईंनी स्वतःची आठवण बाहेर काढली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, करकंबला सासऱ्यांच्या मळ्यातली.

"उसाच्या फडात पाचट टोचतं अंगाला,
धोतर अंथरून रावसाहेब 'आन्जुसेयो' म्हणाले मला."

"खरं का काय ओ?" हेमावतीनं डोळे मोठे केले.

"गप बस. पाठ झालं न्हवं?"

पलीकडच्या खोलीत रावसाहेब पेपर वाचत असत. मुक्ताबाईंचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. समोरच्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

सुमित आणि जिवॉनबरोबर विहीणबाई आल्या. शांत, नेटक्या. कमरेत वाकून नमस्कार करून दारातच उभ्या राहिल्या. सुमितनं टीपॉयवर फोन ठेवला. कुणीही बोललं, की फोन ते दुसऱ्याच्या भाषेत मोठ्यानं सांगायचा.

मुक्ताबाईंनी हात जोडले, तोंड उघडलं आणि 'बसा' आठवेना. पाढा मधूनच विचारला तर येत नाही, बे एके बेपासून यावं लागतं. त्यांनी हळूच उखाणा धरला आणि पुटपुटत का होईना, शेवटाला नेला.

फोनमधली बाई खणखणीत आवाजात, काहीही हातचं न राखता, सगळं कोरियनमध्ये सांगून मोकळी झाली. जिवॉनच्या हातातलं पाणी सांडलं. सुमित नुसतंच "आई" म्हणाला.

मुक्ताबाईंनी पदर तोंडावर ओढला. सासूसमोर त्यांनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि परक्या मुलखातल्या विहिणीला धोतरासकट सगळं सांगितलं होतं. पोराचं लग्न मोडलं, तेही आईच्या थेरांनी. आता जमीन दुभंगली तर बरं.

विहीणबाईंनी रावसाहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. मग फोनकडे वाकून काहीतरी बोलल्या. फोन मराठीत म्हणाला, "मुलगा वडिलांवर गेला असेल, तर माझी हरकत नाही."

जिवॉन हसली, सुमित हसला, विहीणबाईंचे खांदे हलू लागले. मुक्ताबाईंचा पदर मात्र तोंडावरच राहिला. नवऱ्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

रावसाहेब खाकरले. एवढ्या कौतुकानं त्यांना बहुधा चेव आला.

"तपशिलात चूक आहे," ते म्हणाले. "करकंबला घोंगडं होतं. धोतर माढ्याला."

मुक्ताबाईंचा पदर हळूहळू खाली आला. माढ्याला रावसाहेबांची पहिली नोकरी होती. लग्नाच्या आधी. तिथल्या उसाचं पातंही मुक्ताबाईंनी कधी बघितलं नव्हतं.

"माढ्याला कोण होतं ओ?" त्यांनी विचारलं.

रावसाहेबांचे कान लाल झाले. फोननं तोही प्रश्न इमानेइतबारे कोरियनमध्ये सांगितला. इतका वेळ उभ्या असलेल्या विहीणबाई, कुणी बसा न म्हणताच, खुर्ची पुढं ओढून बसल्या.